गाडीच्या कमानी

रायगड जिल्ह्यातील पेण हे गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गावांत मूर्ती घडवण्याचे काम चालते. पावसाळ्यात या मूर्ती टेंपोतून गावोगाव जातात. एखादा टेंपो वडखळ, नागोठणे करत रोह्याला निघतो. वाटेत खड्डे असतात. पुढे भिसे खिंडीत वळणे लागतात. एक जोराचा धक्का बसला, तरी शाडूच्या मूर्तीचा हात तुटू शकतो आणि कारागिराची मेहनत वाया जाते.

हे धक्के कमी कसे होतात? चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये कमानी असतात. टेंपोच्या मागच्या चाकांजवळ पोलादी पट्ट्या एकावर एक बसवलेल्या दिसतात. त्यांना पाटे म्हणतात. मोटारीत बहुधा वेटोळ्यांची स्प्रिंग असते. चाक उंचवट्यावर चढले की कमान दबते. त्यामुळे सगळा धक्का वरपर्यंत पोहोचत नाही.

कमानीचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केला. भार दुप्पट केला, तर कमानही दुप्पट दबते. १०० किलो भाराने ती २ सेंटिमीटर दबली, तर २०० किलो भाराने ४ सेंटिमीटर दबेल.

पण दबलेली कमान पुन्हा उसळते. एकदा उसळून ती थांबत नाही. गाडी वरखाली डुलत राहते. हे डुलणे शॉकॲब्सॉर्बर थांबवतो. त्याच्या नळीत तेल आणि दट्ट्या असतो. दट्ट्या हलला की तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते. त्यात उसळीचा जोर खर्च होतो आणि तेल तापते.

मग कमानी अगदी मऊ केल्या तर? प्रवास सुखाचा होईल; पण वळणावर गाडी फार कलेल. कमानी फार ताठ केल्या, तर गाडी कमी कलेल. पण प्रत्येक खड्डा जाणवेल. म्हणून दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

टेंपोचे पाटे जड मालासाठी बनवलेले असतात. मूर्ती मात्र पोत्यांसारख्या एकावर एक रचता येत नाहीत. त्यामुळे टेंपो भरलेला दिसला, तरी भार कमीच असतो. पाटे फारसे दबत नाहीत आणि धक्के जास्त बसतात. अशा वेळी एखादा पाटा काढून टाकावा, असे वाटेल. पण पुढच्या खेपेला जड माल भरला, तर उरलेले पाटे तुटण्याचा धोका असतो. त्यापेक्षा टायरमध्ये कंपनीने त्या भारासाठी सांगितली असेल तेवढीच हवा ठेवावी, मूर्तींभोवती पेंढा भरावा आणि वेग कमी ठेवावा.

मोटारीचा शॉकॲब्सॉर्बर तपासण्याची एक सोपी रीत आहे. उभ्या मोटारीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. मोटार वर येऊन लगेच स्थिरावली पाहिजे. ती डुलतच राहिली, तर तो निकामी झाला असे समजावे आणि मेकॅनिककडे जावे.

हे केवळ आरामासाठी नाही. उसळणाऱ्या चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. पकड सुटली, की ब्रेक दाबूनही गाडी वेळेवर थांबत नाही. चाके रस्त्याला धरून राहिली, तरच मूर्ती आणि माणसे सुखरूप पोहोचतात.

स्वाध्याय
१. शॉकॲब्सॉर्बरचे काम काय?
२. कारणे द्या : मूर्ती नेताना टेंपोला धक्के जास्त बसतात.
३. विरुद्धार्थी शब्द लिहा : मऊ, जड, सोपी.