टिळकवाडीतल्या ताटाचा दर: वारापासून पार्सलपर्यंत

बेळगावच्या इतिहासावर आपण पुष्कळ लिहितो. किल्ला, कमल बस्ती, १९१६ साली टिळकांनी इथं स्थापन केलेली होमरूल लीग, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, हे विषय पुनःपुन्हा येतात. पण त्याच बेळगावात परगावचा पोरगा, बदलीवर आलेला कारकून किंवा एकटा राहणारा पेन्शनर दुपारी कुठं जेवत होता आणि त्याचे किती पैसे मोजत होता, हे मात्र आपल्या टिपणवह्यांत फारसं सापडत नाही. जेवणाचा दर ही रोजची गोष्ट असल्यानं ती कुणी लिहून ठेवत नाही. आणि लिहून न ठेवलेली गोष्ट दहा-वीस वर्षांत कायमची हरवते.

म्हणून हा लेख टिळकवाडीपुरता. जेवण विकत घेण्याच्या इथल्या पद्धती कशा बदलल्या, दर कशाकशाचा बनतो आणि जुनी स्वस्ताई नेमकी कुणाच्या जिवावर होती, एवढंच त्यात पाहायचं आहे.

वस्ती आणि तिची भूक

लोकमान्यांच्या नावाची ही वस्ती लोंढ्याकडं जाणाऱ्या रेल्वेमार्गालगत पसरली आहे. पत्ता सांगताना आजही पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट असंच सांगितलं जातं. गांधीजी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते याच भागात भरलं. तेव्हा पाण्यासाठी खोदलेली विहीर आणि काँग्रेस रोड हे नाव त्याची आठवण देतात. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, गुरुवार पेठ, पलीकडं हिंदवाडी आणि अनगोळ, गोवावेसपाशी शहापूरची हद्द. कौलारू बंगले, मागे परसू, पुढे कंपाउंड आणि बाजूची एखादी खोली भाड्यानं दिलेली, असं इथलं जुनं रूप.

या खोल्यांत राहणारी माणसं म्हणजेच इथल्या जेवणाच्या धंद्याचं गिऱ्हाईक. आरपीडी आणि गोगटे कॉलेजची मुलं, बँकेतले आणि सरकारी खात्यांतले नोकरदार, तिसऱ्या गेटापलीकडं उद्यमबागेत फौंड्र्या आणि वर्कशॉपं सुरू झाल्यावर तिथले कामगार. खिसा प्रत्येकाचा वेगळा, पण घरचं जेवण कुणालाच नाही.

पैशाविना जेवण: वार

विकतच्या जेवणाआधीची पद्धत म्हणजे वार लावून जेवणं. गरीब विद्यार्थ्यानं सात घरं धरायची आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी जेवायचं. कानडीतही हीच रीत 'वारान्न' म्हणून ओळखली जाते. भाषा दोन असल्या तरी ताट एकच होतं.

पैसे लागत नसले तरी हे जेवण फुकट नव्हतं. त्याची किंमत मिंधेपणात मोजावी लागे. शिवाय वार सगळ्यांना मिळत नसे. कुणाच्या घरात कुणाला पान वाढलं जाईल हे जातीवर ठरायचं. ज्यांना वार मिळणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी वसतिगृहं काढावी लागली. शेजारच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचं बोर्डिंग सुरू केलं आणि पुढं एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. कर्नाटकाच्या बाजूला लिंगायत मठांनी विद्यार्थ्यांच्या मोफत जेवणाची सोय केली. त्यामुळं या भागातल्या शिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी जेवणाच्या सोयीचाही इतिहास आहे.

विकतच्या जेवणातही ही अट बराच काळ होती. पैसे असले तरी प्रत्येकाला प्रत्येक पंगतीत बसता येत नव्हतं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमानं सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करणं बेकायदा ठरवलं. त्यानंतर, निदान कायद्यापुढं तरी, फळ्यावरचा दर सगळ्यांना सारखा झाला.

महिन्याचं जेवण: खानावळ

खानावळ हा शब्द मराठीत आहे तसाच कानडीतही आहे, 'खानावळी'. इथल्या रस्त्यांवर दोन्ही पाट्या दिसतात. एकीकडं चपाती-भाजी-आमटी-भात, दुसरीकडं जोंधळ्याची भाकरी, एण्णेगाई आणि शेंगदाण्याची चटणी.

खानावळीचा खरा विशेष पदार्थांत नव्हता, हिशेबात होता. इथं ताट विकलं जात नसे, महिना विकला जाई. महिन्याचे पैसे आगाऊ द्यायचे आणि दोन वेळ जेवायचं. गावाला गेलात तर 'खाडा' धरला जाई, पण आधी सांगितलं तरच आणि सलग काही दिवसांचा असेल तरच. एखाद्या वेळेचा खाडा कुणी धरत नसे. पाहुणा आणला तर त्याचं सुटं ताट वेगळं. रविवारी दुपारी फीस्ट आणि मग रात्री सुट्टी.

आगाऊ पैसे आणि खाड्याचा नियम यांमुळं मालकिणीला रोज किती पानं होणार हे आदल्या दिवशीच कळायचं. तेवढाच भात टाकायचा, तेवढीच भाजी चिरायची. नासाडी कमी, उधारी कमी. हॉटेलवाल्याला हे कधीच कळत नाही. पाऊस पडला आणि गिऱ्हाईक आलं नाही, तर शिजवलेलं त्याच्या अंगावर पडतं, आणि त्या जोखमीचे पैसे तो दरात धरतोच.

समजा हॉटेलातली थाळी १२० रुपयांची आहे. हॉटेल धंद्यात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या साधारण एक तृतीयांश असावा असा ढोबळ ठोकताळा आहे, म्हणजे ४० रुपये. उरलेल्या ८० रुपयांत जागेचं भाडं, आचारी आणि वाढप्यांचे पगार, गॅस, लाइट, नासाडी आणि नफा. आता तोच ४० रुपयांचा माल खानावळीत धरा. जागा घरचीच, म्हणून भाडं नाही. वाढपी नाही. मग ताट ६० रुपयांत पडू शकतं. महिन्याची ६० ताटं म्हणजे ३,६०० रुपये, हॉटेलात ७,२०० रुपये. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण अर्ध्याचा हा फरक हवेतून येत नाही, हे त्यातून कळतं.

मात्र या हिशेबात एक रक्कम धरलेलीच नाही, ती म्हणजे पहाटे उठून चपात्या लाटणाऱ्या बाईची मजुरी. अशा घरगुती खानावळी बहुतेक बायकाच चालवत. त्यांत विधवा होत्या, कमावता पुरुष नसलेल्या होत्या. शिवणकाम आणि पापड-लोणची सोडली तर त्यांना दुसरा मार्ग फारसा नव्हता. हाताशी घरच्याच मुली-सुना, त्यांनाही पगार नाही. आपण ज्याला 'काय स्वस्त आणि घरगुती जेवण होतं' म्हणतो, त्यातली निम्मी स्वस्ताई या न धरलेल्या मजुरीतून आलेली होती. त्याच मुली शिकल्या, नोकरीला लागल्या आणि घरोघरच्या खानावळी बंद पडत गेल्या. जेवणाऱ्यांचं त्यात नुकसान झालं, पण त्या घरांचं झालं असं म्हणता येणार नाही.

ताटाचं जेवण: उडुपी हॉटेल

दक्षिण कन्नडमधून आलेल्या हॉटेलवाल्यांनी वेगळी पद्धत आणली: महिना नाही, उधारी नाही, खाल तेवढ्याचे पैसे. इडली, वडा, डोसा, पुरी-भाजी, राईस प्लेट, प्रत्येकाचा दर फळ्यावर लिहिलेला. पोरगा टेबलाजवळून ओरडून आकडा सांगायचा आणि गल्ल्यावरचा माणूस तेवढे पैसे घ्यायचा.

इथं कमी पैशांत बसण्याची एक सोय होती, तिचं नाव 'वन बाय टू'. एक चहा किंवा कॉफी दोन कपांत. दोघांना अर्धा-अर्धा घोट मिळे, आणि दोघांनाही टेबलाशी बसून बोलायचा हक्क मिळे. खिसा हलका असलेल्या गिऱ्हाइकालाही हॉटेल टिकवून धरत असे ते असं. पुढं १९८० च्या दशकात बंगळूरुत 'दर्शिनी' पद्धतीची हॉटेलं निघाली: आधी पैसे, मग टोकन, उभ्यानं खायचं. वाढपी गेला, खुर्ची गेली, दर कमी राहिला. आपल्याकडंही ही पद्धत आली. याचा अर्थ असा, की दरात पदार्थाबरोबर बसण्याचंही भाडं असतं. ते वजा केलं की इडली स्वस्त होते.

फळ्यावरचे आकडे का उड्या मारतात

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. रुपयाचे १६ आणे होते, ते १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, पण पाव पैशाचं नाणं नव्हतं. सरकारी तक्त्यात एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५ नवे पैसे असा हिशेब होता. म्हणजे आण्याचा एक कप घेतला तर ६ पैसे, पण तीन घेतले तर १९. एका पैशाची ही ओढाताण त्या काळात गल्ल्यावर रोज होत असणार.

आज उलटं झालं आहे. ३० जून २०११ नंतर चार आण्याचं नाणं चलनातून गेलं. सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून हॉटेलचे दर पाचाच्या पटीतच वाढतात. वर्षभर माल महागला तरी फळा हलत नाही आणि मग एका सकाळी वडा पाच रुपयांनी वाढतो. मधल्या काळात मालक काय करतो? वडा थोडा लहान करतो, चटणी पातळ करतो. म्हणून नुसता दर नोंदवून भागत नाही, पदार्थाचा आकारही नोंदवावा लागतो.

सरकारी निर्णयही ताटापर्यंत पोचतात. १९६५ च्या धान्यटंचाईत पंतप्रधान शास्त्रींच्या आवाहनावरून सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहत. आणीबाणीत खाण्याचे दर सक्तीनं उतरवले गेले, तेव्हा बंगळूरुच्या मावळ्ळी टिफिन रूम्सनं दर्जा न उतरवता रोजचा तोटा दाराबाहेर लिहायला सुरुवात केली आणि अखेर काही काळ हॉटेल बंद ठेवलं. दर कागदावर खाली आणला तरी फरक कुणाला तरी सोसावाच लागतो, याचं हे ठळक उदाहरण.

आजचं बिल आणि पार्सल

सध्याचं बिल वाचताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, नोव्हेंबर २०१७ पासून साध्या उपाहारगृहांना ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १२० ची थाळी १२६ ला पडते. पण वर्षाला २० लाखांच्या आतली उलाढाल असलेला नोंदणीतून मोकळा असतो आणि कंपोझिशन योजनेतला हॉटेलवाला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेऊच शकत नाही. त्यामुळं लहान हॉटेलच्या बिलात कर दिसला नाही तर त्यानं तो चुकवला असं लगेच समजू नये. दोन, हॉटेलला १९ किलोचा व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो. त्यावरचा कर घरगुती सिलिंडरपेक्षा जास्त आणि दर महिन्याला बदलणारा. तीन, मोबाइल ॲपवर मागवलं तर कंपनीचं कमिशन, पॅकिंग आणि पोचवण्याचे पैसे वाढतात, म्हणून तोच डोसा गल्ल्यावर एका दरानं आणि ॲपवर दुसऱ्या दरानं मिळतो.

स्वस्त जेवणाची जबाबदारी आता काही प्रमाणात सरकारनं घेतली आहे. २०१७ साली बंगळूरुत सुरू झालेल्या इंदिरा कँटीनमध्ये ५ रुपयांत नाश्ता आणि १० रुपयांत जेवण ठेवलं गेलं. पुढं ही कँटीनं राज्यातल्या इतर शहरांतही निघाली.

पण टिळकवाडीतली आजची खरी अडचण वेगळी आहे. मुलं पुण्याला किंवा बंगळूरुला, मोठ्या घरात म्हातारी दोघं किंवा एकटंच माणूस. त्यांना रांगेत उभं राहणं जमत नाही, ॲप जमत नाही आणि रोजचं हॉटेल पोटाला चालत नाही. त्यांना हवा असतो डबा: कमी तिखट, ठरल्या वेळी, महिन्याच्या बांधलेल्या दरात. म्हणजे खानावळीचीच पद्धत, फक्त ताट घरी येणारं. डबा देणाऱ्या बायका आता आपली मजुरी दरात धरतात, आणि धरायलाच हवी. म्हणून जुन्या खानावळीच्या आठवणी सांगून त्यांच्याशी घासाघीस करणं बरं नव्हे.

काय जपून ठेवायचं

जुने लाकडी फळे गेले, रंगवलेल्या पाट्या गेल्या. आता स्टिकर येतात आणि दर बदलला की त्यांवरच दुसरा आकडा चिकटतो. काही ठिकाणी छापील कार्डही नाही, नुसता मोबाइलनं वाचायचा चौकोन. मालकानं आकडा बदलला की जुना पुसला गेला.

म्हणून वाचकांना विनंती. घरात जुन्या खानावळीची वही, महिन्याची कूपनं, हॉटेलचं बिल किंवा वडिलांच्या जमाखर्चात 'मेस' म्हणून लिहिलेली रक्कम असेल तर तिचा फोटो काढून ठेवा. त्यासोबत साल, पेठ, किती वेळचं जेवण आणि त्या वेळचा त्या माणसाचा पगार एवढं तरी लिहा, कारण पगाराशेजारी ठेवल्याशिवाय दराला अर्थ येत नाही. खानावळ चालवलेली आजी किंवा मावशी हयात असेल तर तिला आधी विचारा: किती पानं व्हायची, किती वाजता उठायचीस, आणि महिन्याअखेर तुझ्या हातात काय उरायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फळ्यावर लिहिलेलं नव्हतं.