पिल्ले हे गावाचे नाव नव्हे

नवा माणूस भेटला की आपला दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला असतो : मूळ गाव कोणते? आडनावाच्या शेवटी 'कर' असेल तर तेही विचारावे लागत नाही. हॉकीपटू धनराज पिल्ले यांच्याबाबतीत मात्र आडनाव ऐकताच आपण 'तमिळ' म्हणून मोकळे होतो. उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे.

तमिळमध्ये 'पिळ्ळै' म्हणजे मूल, लेकरू. पुढे तो मानाचा किताब झाला आणि वेगवेगळ्या घराण्यांनी नावापुढे लावला. त्यात गाव नाही. धनराज यांच्या वडिलांचे नाव नागलिंगम, आईचे अंदाळम्मा. वडिलांच्या नावात शिव आहे, तर आईच्या नावात आंडाळ ही वैष्णव संतकवयित्री. नावांतून तमिळ भक्तिपरंपरा कळते; हॉकी कुठून आली ते कळत नाही.

त्यासाठी पुण्याच्या खडकीला जावे लागते. १८१७ च्या लढाईनंतर इंग्रजांनी तिथे छावणी वसवली आणि १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना काढला. लष्कर, कारखाने आणि रेल्वे यांच्यामागोमाग दक्षिणेतली कुटुंबे अशा छावण्यांत स्थायिक झाली. आपल्या देवळालीच्या वाचकांना हे चित्र अनोळखी नाही. छावणीत मैदान असते आणि मैदानावर हॉकी. नागलिंगम हे खडकीच्या कारखान्याच्या मैदानाची निगा राखत. त्याच वसाहतीत १६ जुलै १९६८ रोजी धनराज जन्मले. मोडक्या काठ्या जोडून, टाकून दिलेल्या चेंडूंवर भावंडे खेळायला शिकली. थोरले भाऊ रमेश मुंबईत खेळू लागले, त्यांच्यामागे धनराजही मुंबईत आले. पुढे ते चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले. १९९८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी आशियाई सुवर्णपदक जिंकले.

याच पुण्यातले आणखी एक उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. फिरकी गोलंदाज पळवणकर बाळू चर्मकार समाजातले. आडनाव कोकणातल्या पळवण गावचे, जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्करी नोकरीत. बाळू पुण्यातल्या युरोपियन क्लबात खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांच्या आडनावात गाव आहे, पण गोलंदाजी त्या गावाने दिलेली नाही.

एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या घरी तमिळ. दोघांनाही खेळ मिळाला तो गवत कापणाऱ्या, रोलर ओढणाऱ्या हातांमुळे. मैदान साहेबांचे किंवा सरकारचे होते. त्याची माती ओळखणारे मात्र हेच होते. म्हणून खेळाडूचे मूळ शोधताना जात, भाषा आणि आडनाव यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : घरातल्या माणसाला मैदानावर पाऊल ठेवायची मुभा कोणत्या कामामुळे मिळाली?

'परप्रांतीय' हा शब्द आपण सहज वापरतो. धनराज अस्खलित मराठी बोलतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांच्याच संघात विक्रम पिल्ले हा पुण्याचा दुसरा खेळाडू होता. गावावरून आडनाव ठेवण्याची आपली जुनी रीत इथे लावली, तर धनराज खडकीकर ठरतात.