गढूळ ओहळ येतो कोठून?

पहिला जोराचा पाऊस पडून गेला की घराजवळच्या उतरत्या रस्त्याकडे जरा लक्ष द्या. वरच्या अंगाला एखाद्या इमारतीचा पाया खणलेला असेल, तर रस्त्याच्या कडेने जाणारे पाणी चहाच्या रंगाचे दिसेल. पुढे तो ओहळ लोखंडी जाळीतून खाली उतरून नाहीसा होतो. नाहीसा होतो म्हणजे कोठे जातो? घरातले सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे नेतात (निदान न्यावे अशी अपेक्षा असते!), पण पावसाळी गटारातले पाणी सहसा सरळ नाल्याला आणि तेथून नदीला मिळते. वाटेत त्याला कोणी गाळत नाही.

पण मुळात एवढी माती सुटते कशी? पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. गवत असेल तर हा मार पाती झेलतात. उघड्या मातीवर मात्र प्रत्येक थेंब इवलासा खड्डा पाडून कण उडवतो. खरे वाटत नसेल तर पावसाळ्यात अंगणालगतच्या पांढऱ्या भिंतीचा खालचा भाग पाहा. वीतभर उंचीपर्यंत मातीचे शिंतोडे दिसतील. उडालेले बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात. मग पाणी मुरते कमी, वाहते जास्त, आणि वाहता वाहता बोटभर रुंदीच्या घळी पाडते. बांधकामाच्या जागेवर तर यंत्रांनी जमीन आधीच दाबलेली असते आणि खणलेल्या मातीचे ढीग उतारावर मोकळे पडलेले असतात.

हे प्रकरण किती मोठे आहे, हे अमेरिकेतील मेरीलँड राज्यात प्रथम नीट मोजले गेले. तेथे बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन या शहरांभोवती नव्या वसाहती झपाट्याने उठत होत्या. गॉर्डन वोल्मन आणि ॲशर शिक या दोन संशोधकांनी त्या भागातील ओढ्यांमधून वाहून जाणाऱ्या गाळाचा हिशोब करून १९६७ साली तो प्रसिद्ध केला. शेती आणि रान असलेल्या भागातून दर चौरस मैलामागे वर्षाला सुमारे २०० ते ५०० टन गाळ जात होता. बांधकाम चालू असलेल्या जमिनीचा आकडा काही हजार टनांपासून सुरू होत होता आणि एके ठिकाणी तो १,४०,००० टनांवर गेला होता! ही अवस्था वर्ष-दोन वर्षेच टिकते खरी, पण तेवढ्यात ओढ्याचे पात्र भरून जाते. दगडगोट्यांमधल्या ज्या फटींत मासे अंडी घालतात, त्या बुजतात. गढूळपणामुळे तळाच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. मातीच्या कणांना चिकटून तेल आणि खतांमधला फॉस्फरसही पाण्यात उतरतो. १९७० साली मेरीलँडने कायदाच केला: गाळ अडवण्याची योजना मंजूर झाल्याशिवाय जमीन खणायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण आहे? खाली एक मोठा खड्डा खणावा, त्यात गढूळ पाणी साठवावे, गाळ बसला की वरचे पाणी सोडून द्यावे. तसे करतातही. पण येथे एक अडचण आहे. काचेच्या बरणीत मूठभर माती व पाणी घालून खळखळून हलवा आणि घड्याळ घेऊन बसा. वाळू पाहता पाहता तळाशी जाईल. वरचे पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही गढूळच राहील. कणाचा व्यास दसपट कमी झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट कमी होतो, हा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. एक मीटर खोल स्थिर पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण साधारण दोन मिनिटांत तळ गाठतो, ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तीन तास लागतात, आणि ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला बारा दिवस! भर पावसाळ्यात पाणी बारा दिवस थोपवून धरणारा खड्डा कोण बांधणार? आपली आजी गढूळ पाण्यात तुरटी फिरवते तेव्हा हे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि लवकर बसतात. बांधकामावरही कधी कधी तुरटीसारखी रसायने वापरतात. पण प्रमाण चुकले तर ती माशांनाच बाधतात.

म्हणून खरा डाव खाली नाही, वर जिंकायचा असतो. कण सुटूच द्यायचा नाही. जेवढ्या जागेवर काम चालू आहे तेवढीच उकरावी, बाकीचे गवत तसेच राहू द्यावे. डोंगराकडून येणारे पाणी चर खणून बाजूने वळवावे. उघड्या उतारावर पेंढा पसरावा, किंवा काथ्याची अथवा तागाची जाळी अंथरून तिच्याखाली गवताचे बी पेरावे. गवत रुजेपर्यंत जाळी टिकते आणि मग कुजून मातीत मिसळते. एवढे करूनही जो गाळ निसटेल त्याच्यासाठी उताराच्या तळाशी कापडाचे कुंपण लावतात. पुष्कळांना वाटते की ते चहाच्या गाळणीसारखे काम करते. पण ते खरे तर छोटे धरण आहे! पाणी त्याच्यामागे तुंबते आणि जाडसर कण तेथेच बसतात. कापडाची खालची कड वीतभर खोल पुरलेली नसेल, तर पाणी खालून वाट काढते आणि कुंपण नुसते शोभेला उभे राहते.

सिमेंटची गोष्ट वेगळी. काँक्रीट कालवण्याची यंत्रे धुतलेले पाणी फारसे गढूळ नसले तरी चुन्याच्या निवळीसारखे अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ च्या आसपास जातो. असे पाणी ओढ्यात गेले तर माशांचे कल्ले भाजून निघतात. त्यासाठी प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला वेगळा खड्डा लागतो.

एखाद्या बांधकामावर यातले काय केले आहे हे पाहायला आत शिरण्याची गरज नाही, आणि शिरूही नये. पाऊस उघडल्यावर रस्त्यावरूनच फाटक पाहा. बाहेर पडताना ट्रकच्या चाकांचा चिखल झडावा म्हणून तेथे मोठ्या खडीचा पट्टा घातला आहे का? नसेल, तर चाकांचे चिखलाचे पट्टे रस्त्यावर किती पावलांपर्यंत उमटले आहेत ते मोजा, आणि सर्वांत जवळची पावसाळी जाळी त्या पट्ट्यांच्या अलीकडे आहे की पलीकडे, तेही वहीत लिहून ठेवा.