सत्तावन्न लिहिताना ७५ का होतात?



या आठवड्यात दुसरीच्या वर्गात शंभरपर्यंतच्या संख्या वाचणे आणि लिहिणे चालू आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय सांगायचे? मलाही तसेच वाटत होते. मी सातवीत आहे. पण माझी धाकटी बहीण दुसरीत आहे, आणि सोमवारी घरी येताच ती दप्तर कोपऱ्यात टाकून म्हणाली, "मी नाही जात आता शाळेत."

बाईंनी तोंडी दहा संख्या सांगितल्या होत्या. तिच्या सात चुकल्या. मी वही पाहिली. सत्तावन्न : ७५. त्रेचाळीस : ३४. अठ्ठावीस : ८२. मला आधी हसू आले. मग बरोबर आलेल्या तीन पाहिल्या, तर त्या होत्या तेहतीस, सहासष्ट आणि सत्तर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ३३ आणि ६६ उलटे लिहिले तरी तेच राहतात, आणि सत्तरमध्ये सुटे काही नाहीच. म्हणजे पोरीने ऐकले तसेच लिहिले होते. सत्तावन्न म्हणताना सात आधी ऐकू येतात, पन्नास मागून. लिहिताना मात्र पाच आधी.

त्यातून नऊची गंमत वेगळीच. एकोणसाठ ऐकून तिने ६१ लिहिले. 'एक' ऐकला, 'साठ' ऐकले, झाले! एकोण म्हणजे एक उणे, साठाला एक कमी, म्हणून ५९. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद सगळे असेच. पण नव्व्याण्णवला कोणी एकोणशंभर म्हणत नाही. लहान मुलांनी करावे तरी काय?

हा घोळ आमच्याच शाळेत आहे असे नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' असेही वाचन दिले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. विधिमंडळातही त्यावर बोलणे झाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची नावे लहान मुलांना जड जातात, असे त्यांचे म्हणणे होते. जुनी नावे काही गेली नाहीत, आजही तीच आपण बोलतो. आपल्याच जिल्ह्यात खाली सिरोंच्याकडे तेलुगू बोलतात, तिथे सत्तावन्नला 'याभै एडु' म्हणतात, म्हणजे पन्नास सात. त्या मुलांचे बरे आहे.

आमच्या बाईंनी मंगळवारी बांबूच्या काड्या आणल्या. दहा काड्यांचा एक गठ्ठा, सुतळीने बांधलेला. तो दशक. उरलेल्या सुट्या काड्या म्हणजे एकक. सत्तावन्न म्हटले की पाच गठ्ठे डावीकडे, सात काड्या उजवीकडे. आधी मोठ्याने 'पन्नास आणि सात' म्हणायचे, मग पाटीवर लिहायचे, आणि शेवटी नाव घ्यायचे सत्तावन्न. मी मधल्या सुट्टीत दारातून पाहिले. वर्ग बाजारासारखा गजबजला होता.

घरी आम्हीही काड्या बांधल्या. आजी शाळेत गेलेली नाही, पण मे महिन्यात तेंदूची पाने मोजते. सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक गोणी. (मी गुणाकार केला : एका गोणीत ७०,००० पाने!) बहिणीने विचारले, "आजी, तू सत्तर कशी मोजतेस?" आजी म्हणाली, "तीन ईसा न् दहा." वीस वीस पानांचे तीन वाटे आणि वर दहा. बहिणीने लगेच गठ्ठे मांडले. एका विसाला दोन, तीन विसांचे सहा, दहाचा एक. सात गठ्ठे झाले!

मग आजीने सांगितले, "फळीवर पुडके मोजून वहीत मांडतात. पंचाहत्तर दिले न् वहीत सत्तावन्न पडले, तर अठरा पुडक्यांची मजुरी गेली. अन् मला तं वही वाचता येत नाही." बहीण काही बोलली नाही. गठ्ठे पुन्हा मांडू लागली.

पालकहो, घरी सराव घेताना नुसते पाढ्यासारखे पाठ म्हणवून घेऊ नका. पाठ तर माझ्या बहिणीलाही होते. काड्या, चिंचोके, काहीही चालेल. दहा-दहाचे वाटे करू द्या आणि मग लिहायला सांगा.

काल बाईंनी पुन्हा दहा संख्या सांगितल्या. बहिणीच्या आठ बरोबर आल्या. एकोणऐंशी अजून चुकते. ती म्हणते, ते नावच चुकीचे आहे.