नवसाचा बोकड आणि वल्हांडणाचे कोकरू

नांदेड-लातूरकडच्या माणसाने ईस्टरच्या निमित्ताने येशूसाठी 'देवाचा कोकरा' हे शब्द ऐकले, की त्याला कंदुरी आठवणे साहजिक आहे. मूल झाले, दुखणे हटले, बोललेला नवस फेडायचा म्हणून बोकड कापतात. भावकी, सोयरे, गल्ली जेवून जाते आणि देवाचे देणे फिटते. मग ख्रिस्ती श्रद्धाही तशीच असणार असे वाटते: देव कोपला होता, येशूचा बळी मिळाला आणि तो शांत झाला. कित्येक प्रवचनांतूनही हेच कानावर पडते. माझ्या मते या समजुतीत ईस्टरचा गाभाच निसटतो. येशूला ज्या कोकराची उपमा मिळाली, त्या ज्यूंच्या वल्हांडण सणातल्या कोकराने कोणाचे देणे फिटले नव्हते. गुलामीतून बाहेर पडण्याच्या रात्रीचे ते जेवण होते.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाचा १२वा अध्याय उघडून पाहावा. मिसरात (इजिप्तमध्ये) फारो राजासाठी विटा पाडणाऱ्या इस्राएल लोकांना सांगितले जाते, की महिन्याच्या दहाव्या दिवशी एक वर्षाचा, अंगात खोड नसलेला नर निवडा. मेंढरांतला चालेल, शेळ्यांतलाही चालेल. (उस्मानाबादी शेळीच्या मुलखात हे मुद्दाम सांगायला हवे, कारण चित्रांत नेहमी मेंढीचेच पिलू दिसते.) चौदाव्या दिवशी संध्याकाळी तो कापायचा, एजोब झुडपाच्या जुडीने रक्त दाराच्या चौकटीला लावायचे, म्हणजे त्या रात्री थोरल्या मुलांवर येणारे मरण ते घर ओलांडून जाईल. मांस पाण्यात उकडायचे नाही, विस्तवावर भाजायचे. सोबत बेखमीर भाकर आणि कडू भाजी. कंबर कसून, पायात जोडे घालून, हातात काठी घेऊन घाईघाईने खायचे. घरात माणसे कमी असतील तर शेजाऱ्याला सामील करून घ्यायचे आणि सकाळपर्यंत उरेल ते जाळून टाकायचे. या साऱ्या तपशिलात पापाचा शब्दही नाही, वेदी नाही, याजक नाही. पापार्पणाचे विधी पुढे लेवीय पुस्तकात येतात आणि ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस पावसाळा सरल्यावर, शरदात येतो. येशूला वधस्तंभावर खिळले ते वसंतात, वल्हांडणाच्या दिवसांत. शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते, असे मत्तय, मार्क आणि लूक यांची शुभवर्तमाने सांगतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या हिशेबाने येशू तयारीच्या दिवशी, म्हणजे मंदिरात कोकरे कापली जात त्याच दिवशी मेला. हा एका दिवसाचा फरक बुजवण्याची खटपट मला अनावश्यक वाटते. तिथीवर मतभेद असूनही चौघांनी सण तोच धरला, हे जास्त बोलके आहे. आणि ही शुभवर्तमाने लिहिली जाण्याआधीच पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना ख्रिस्ताला आपले वल्हांडण म्हटले होते.

यावर कोणी म्हणेल, की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने तर येशूला जगाचे पाप हरण करणारा कोकरा म्हटले आहे. मग पापाचा संबंध नाही कसा? संबंध आहेच. पण हे वाक्य ज्या योहानाच्या शुभवर्तमानात येते, त्याच्याच आठव्या अध्यायात येशू पाप करणाऱ्याला पापाचा दास म्हणतो. पापातून सुटणे म्हणजेही दास्यातून सुटणे, हा धागा तिथे तुटत नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: त्या रात्री मिसरातल्या घरोघरी थोरले मूल मेले, त्यांचे काय? हा प्रश्न ज्यूंनी स्वतःपासून लपवलेला नाही. वल्हांडणाच्या जेवणात मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावे घेताना ते प्याल्यातला द्राक्षारस थेंब थेंब बाहेर काढतात. शत्रूच्या दुःखाने आपला आनंद तेवढा उणा, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ईस्टरच्या कथेत शत्रूचे मूल मरत नाही, देवाचा स्वतःचा पुत्र मरतो. मिसरातल्या आयांचा आकांत याने पुसला जात नाही, हे मान्य केलेच पाहिजे. आणि ख्रिस्ती परंपरेचा स्वतःचा दोषही मोठा आहे. ज्यांचा सण तिने आपला अर्थ सांगायला घेतला, त्याच ज्यूंवर तिने शतकानुशतके ख्रिस्तहत्येचा आरोप ठेवला. दुसऱ्या शतकातल्या सार्दीसच्या मेलितोचे वल्हांडणावरचे सुंदर प्रवचनही त्या आरोपाने डागाळले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा आरोप नाकारला तो थेट १९६५ मध्ये.

निर्गमची कथा कोकराच्या रात्री थांबत नाही, ती सुटलेल्या इस्राएल लोकांबरोबर समुद्रापलीकडे पोचते. म्हणूनच ख्रिस्ती माणूस गुड फ्रायडेला न थांबता पुनरुत्थानापर्यंत येतो. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात जुन्या करारातली वाचने कमी करता येतात, पण समुद्र ओलांडल्याचे निर्गमच्या १४व्या अध्यायातले वाचन गाळता येत नाही. मराठवाड्यात ही गोष्ट कोणी ऐकली, तेही लक्षात घ्यावे. ब्राह्मण घरात जन्मलेल्या नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले आणि त्यांच्या मंडळीत मांग समाजातली कुटुंबे मोठ्या संख्येने आली. गावकुसाबाहेर राहून वेठ राबलेल्या त्या लोकांना फारोच्या विटा पाडणाऱ्यांची गोष्ट फोड करून सांगावी लागली नसावी.