टेंडरमधला कोळसा खरा हवा

बंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांत एक आठवण अजून निघते, मिरजेला गाडी बदलण्याची. पुणे-मिरज मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला, पण मिरजेहून बंगळुरूकडे येणारा रूळ पुढेही बरीच वर्षं मीटरगेजच होता. वाफेचं इंजिन, खिडकीतून डोकावलं की डोळ्यात जाणारा कोळशाचा कण आणि उतरेपर्यंत काळवंडलेली कॉलर! वाफेच्या इंजिनाचं मॉडेल घरी आणलं की हे सगळं शोधायला जावं, तर टेंडरमध्ये काळ्या प्लास्टिकचा एक गुळगुळीत उंचवटा असतो, बस.

तो झाकायचा तर आधी माप सांभाळा. एचओ प्रमाण म्हणजे 1:87. मुठीएवढा, 10 सेंटिमीटरचा कोळसा त्यात जेमतेम 1.15 मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा. त्याहून मोठे खडे टाकले की टेंडर कोळशाचा न वाटता दगडांनी भरलेला वाटतो.

इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा सहज मिळतो, पण तो निस्तेज असतो. दगडी कोळशाच्या तुटलेल्या कडेला चमक असते, ती हवी. लोहाराकडे एखादा खडा मिळू शकतो. जाड कापडात गुंडाळून हातोडीनं फोडा, जुन्या चहाच्या गाळणीनं भुकटी वेगळी करा. नाकातोंडावर मास्क हवाच. लहान मुलांनी फोडायचं काम मोठ्यांवर सोपवावं.

आता ढिगाचा आकार, आणि मला यातली हीच खरी मजा वाटते. फायरमन कोळसा ओढतो तो केबिनच्या बाजूनं. त्यामुळे प्रवासाला निघताना शिगोशीग भरलेला टेंडर पुढून रिकामा होत जातो आणि मागचा ढीग उतरत्या डोंगरासारखा उरतो. तुमची गाडी नुकती निघाली आहे की मुक्कामाला पोचत आली आहे, हे आधी ठरवा. खाली थर्मोकोल कापून तसा उतार द्या, म्हणजे वजनही वाढत नाही. वर कोळसा पसरा. फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घालून ड्रॉपरनं सोडा. साबणामुळे गोंद फटींत झिरपतो. टेंडरचा वरचा भाग आधी सुटा करून घ्या, नाहीतर कण गिअरमध्ये जातात.

राखेकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण जास्त, त्यामुळे शेडमधल्या राखेच्या खड्ड्याभोवती ढीग साचत. त्यांचा रंग काळा नव्हे. करडा, मातकट, मधूनच भाजक्या विटेसारखा. स्मोकबॉक्समधली काजळी उपसताना थोडी त्याच्या दाराखालच्या फळीवरही सांडे. इथे उदबत्तीची राख उत्तम. ओल्या गोंदात मिसळली तर काळपट पडते, म्हणून गोंद अर्धवट सुकल्यावर वरून चिमटीनं भुरभुरवा. विटेच्या छटेसाठी कुंडीच्या खापराची पूड चालते. चाकांना आणि रुळांना काही लागू देऊ नका, वीज तिथूनच येते.

प्रत्यक्ष बघायचं तर म्हैसूरचं रेल्वे संग्रहालय जवळ आहे, 1979 पासूनचं. पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय चुकवू नका. म्हैसूरला टेंडरच्या शिडीचे आणि फायरबॉक्सच्या तोंडाचे जवळून फोटो काढून ठेवा.

रात्रभर सुकल्यावर टेंडर वर्तमानपत्रावर उलटा धरून हलकेच ठोका. सुटतील ते कण गोळा करा आणि त्यातले दोन-चार केबिनच्या फळीवर, फायरमनच्या पायाशी चिकटवा.