चांदी उसळते तेव्हा

कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीच्या दागिन्याची सुरुवात मुशीत होते. मोड वितळवून आधी लगड ओततात, मग तिची तार किंवा पत्रा. ही लगड कधी आरशासारखी निघते, तर कधी तिच्यावर फोड, खड्डे आणि बारीक कोंब उठलेले असतात. पाहणाऱ्याला भेसळीचा संशय येतो. वास्तविक ही खोड शुद्ध चांदीलाच जास्त.

चांदी ९६१.८ अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळली की ऑक्सिजन पिऊ लागते. शुद्ध ऑक्सिजन मिळाला तर आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट. घट्ट झालेल्या चांदीत मात्र त्यातला अगदी थोडा मावतो. गोठताना उरलेला वायू बाहेर पडू पाहतो, पण तोवर वर साय धरलेली असते. ती फोडून तो निघतो आणि चांदीचे थेंबही उडवतो. कस काढणाऱ्यांना याचा धसका असतो: थेंब उडाले की वजन घटते, कस चुकतो. म्हणून ते चांदीचा मणी सावकाश निववतात.

हवेत ऑक्सिजन जेमतेम एकपंचमांश. मग चांदी चारपटच पीत असेल? तसे नाही. ऑक्सिजन चांदीत रेणू म्हणून विरघळत नाही, त्याचे अणू सुटे होतात. त्यामुळे विरघळण्याचे प्रमाण दाबाच्या वर्गमुळानुसार बदलते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ सीव्हर्ट्स यांच्या नावाचा हा नियम. हिशेब मांडला तर साध्या हवेतूनही नऊ-दहापट वायू आत शिरतो. उघडी मूस महागात पडते ती अशी.

यावर जुना उपाय कोळशाचा. रसावर कोळशाचे तुकडे पसरले की कार्बन ऑक्सिजनला धरून ठेवतो. ग्रॅफाइटची मूसही थोडेफार तेच काम करते. टाकणखार मळ ओढून घेतो आणि रसावर काचेसारखे पांघरूण घालतो. तांबे मिसळले तरी उसळणे कमी होते, पण मग शुद्धता गेली.

वायू आवरला तरी आकसणे उरतेच. वितळलेल्या चांदीची घनता घनसेंटिमीटरला ९.३ ग्रॅम, थंड लगडीची १०.५, म्हणजे आकारमान दहाव्या हिश्शाहून जास्त घटते. वरचा थर आधी गोठला तर आत पोकळी राहते किंवा मधोमध खळगा पडतो. म्हणून साचा आधी तापवायचा, धार न तोडता ओतायचे आणि ओतल्यावरही वरून मऊ, पिवळी ज्योत फिरवत राहायचे. त्या ज्योतीत ऑक्सिजन कमी असतो, शिवाय लगड तळापासून वर गोठत येते. माझ्या मते खरे कसब या शेवटच्या काही क्षणांतच आहे. पॉलिश फार नंतरची गोष्ट.

लंडनच्या घाऊक बाजारातली चांदीची वीट ७५० ते १,१०० ट्रॉय औंसांची असते. तिच्यावर खड्डे, थर किंवा फाजील आकसणे चालत नाही. हा हट्ट केवळ देखणेपणासाठी नाही. खड्ड्यात साचलेले पाणी वजन फुगवते, आणि तीच वीट पुन्हा रसात टाकली तर त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन तापलेली चांदी कारागिराच्या अंगावर उडू शकते.